पूर्वीचेच चालू

३ फेब्रुवारी

जेवताना मी तेच तेच बोलतो म्हणून आज हिने फर्मान काढलं, "मनातलं सगळं वहीत लिहा, ताटात कालवू नका." म्हणून ही वही.

मनातलं म्हणजे असं. गावात आम्ही पाच मानसोपचारतज्ज्ञ. गेल्या महिन्यात आरोग्य खात्याचं पत्रक आलं की, मनाच्या आजारांवरची औषधं गरजेपेक्षा जास्त लिहिली जात आहेत, तपासणी होऊ शकते. पत्रकात कुणाचं नाव नव्हतं. मला मात्र ते ठळक दिसलं. अत्तर. हा आमचा एक व्यवसायबंधू. लिफ्टमधून उतरून गेला तरी बराच वेळ लिफ्टमध्ये असतो, म्हणून मी ठेवलेलं नाव. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या औषध कंपनीच्या खर्चाने परिषदेला जातो आणि आम्हाला समुद्रकिनाऱ्याचे फोटो पाठवतो.

काल सगळ्यांना घरी बोलावलं. म्हटलं, बाहेरच्याने येऊन आपल्या चिठ्ठ्या तपासण्यापेक्षा आपणच तपासू. प्रत्येकाने वीस केसपेपर द्यायचे. नावं काढून टाकायची, डॉक्टरचं आणि पेशंटचंही. राहतील ते फक्त नंबर. मग सगळ्यांनी बसून एकेक वाचायचा आणि भीडभाड न ठेवता बोलायचं. मास्तर (कॉलेजात शिकवतो) आणि मौनी (नावातच आलं) दोघे कबूल झाले. जुळवाजुळव सूनबाईने करायची. पाचवी तीच. दीड वर्षापासून माझ्याच दवाखान्यात, बाजूच्या खोलीत बसते. चिरंजीव जहाजावर, त्यामुळे घरीही आमच्यासोबतच असते.

तिने एक अट घातली. केसपेपरवर काय लिहिलंय ते नको, पेशंट घरी प्रत्यक्षात काय गिळतो ते हवं. घरच्यांना फोन करून पट्ट्यांवरची नावं विचारणार आणि कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचं नाव लिहिणार. म्हटलं, फक्कड. पळायला वाट नको कुणाला.

अत्तर लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच? हा माणूस चहाला हो म्हणायलासुद्धा घड्याळ बघतो.

५ फेब्रुवारी

माझे वीस केसपेपर मीच निवडले. कंपाउंडर म्हणाला, "डोळे मिटून काढू का?" म्हटलं, नको. जुने, घडी बसलेले काढले. बाकीचेही निवडूनच देणार, मग मी एकट्याने भोळेपणा कशाला करू? शिवाय सूनबाईलाही दिसू दे, पेशंट वर्षानुवर्षं कसा सांभाळतात ते.

दुपारी नकाशेवाले आले. भूमापन खात्यात आरेखक होते, जमिनींचे नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर बिनसलं. वरच्या मजल्यावरचे लोक टाकीत विष कालवतात म्हणून पाणी पिणंच सोडलं होतं. आता चार वर्षं झाली, विषाचा उच्चार नाही. माझ्या चांगल्या केसेसपैकी एक. बायको हाताला धरून आणते.

"डॉक्टर, परवा जेवताना त्यांनी चमचा कानाशी नेला."

"वय झालं, वहिनी."

"अडुसष्ट म्हणजे काय फार नाही हो."

माझं सदुसष्ट. जरा लागलं. ते मान टाकून बसले होते, हनुवटीखाली रुमाल. गेल्या खेपेला औषध कंपनीचा एमआर ठेवून गेलेली नवी जोडगोळी (एका गोळीत दोन औषधं) सॅम्पल म्हणून दिली होती, ती मानवलेली दिसते. आता मेडिकलमधून तीच आणतात म्हणे. विसरतात फार, म्हणून स्मरणाची एक गोळी सुरू केली. वर नेहमीप्रमाणे 'पूर्वीचेच चालू' आणि खाली ही एक.

बाहेर गर्दी होती. हल्ली गर्दी फार.

१३ फेब्रुवारी

सूनबाईच्या खोलीत डोकावलो तर तिने लॅपटॉपचं झाकण खाली केलं. पटकन केलं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. हळूच केलं.

"कुठवर आलं?"

"चाललंय, बाबा."

"कुणाचं काही भयंकर निघतंय का?"

"नावं नाहीत ना त्यावर."

"तुझ्याकडे तर आहेत."

"माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. मग एकदम विचारलं, "बाबा, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, असं तुम्ही शेवटचं कुणाला कधी सांगितलं होतं?"

"मी काय लिहिलंय ते मला ठाऊक असतं. पट्ट्या बघायला मेडिकलवाला आहे."

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळेना. ही पोर माझ्यापासून काहीतरी लपवते आहे. बहुतेक अत्तरचं काहीतरी सापडलंय आणि सांगायची भीती वाटते.

१८ फेब्रुवारी

छापील यादी हातात आली. शंभर केसेस. चौदा नंबर वाचता वाचता चहा गार झाला.

पुरुष, पासष्टच्या पुढचा. आठ गोळ्या! भ्रमावरचं एक औषध सुटं. तेच औषध पुन्हा, दुसऱ्या नावाने, जोडगोळीतून. त्याच जातीचं तिसरं, रात्री. या औषधांनी अंग ताठतं आणि हात थरथरतात, म्हणून थरथरीवरचं औषध. तेही दोनदा, कारण जोडगोळीत ते असतंच. थरथरीवरच्या औषधाने म्हाताऱ्या माणसाची स्मृती जाते, म्हणून स्मरणाची गोळी. म्हणजे एकीने पुसायचं आणि दुसरीने गिरवत बसायचं. त्याशिवाय उदासीची, झोपेची आणि पोट साफ होण्याची.

माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर त्याला खोलीबाहेर उभा केला असता. आधीचा रंग न खरवडता भिंतीवर रंगावर रंग चढवत गेलेत. कुणीतरी एकदाही थांबून विचारलेलं नाही की बाबा रे, यातलं काढायचं काय?

जोडगोळ्या कोण लिहितो हे गावाला माहीत आहे. ज्या कंपनीची जोडगोळी, तिच्याच खर्चाने समुद्र.

(माझ्या टेबलावरचं घड्याळ आणि खोलीतला एसी त्याच कंपनीने दिलाय, पण तो पेशंटच्या सोयीसाठी. ती वेगळी गोष्ट.)

१९ फेब्रुवारी

सूनबाईला जेवताना म्हटलं, "चौदा नंबर अत्तरचा ना?"

तिचा घास हातातच राहिला. "बाबा, नियम तुम्हीच केलेत. नाव शेवटी."

"नियम मोडायला नाही सांगत. नुसती मान हलव."

ती उठून हात धुवायला गेली. ही मला म्हणाली, "घाबरलीय ती. तुम्हाला दिसत नाही?"

दिसतं ना. घाबरणारच. प्रश्न इतकाच, कुणाला?

२१ फेब्रुवारी

आज खुलासा झाला असं वाटतं.

संध्याकाळी बँकेपाशी उभा होतो. अत्तरची ती लांबलचक गाडी थांबली आणि तिच्यातून सूनबाई उतरली. मला तिने पाहिलं नाही. काचेतून वाकून त्याला काहीतरी सांगत होती, तो दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होता. ती डोळे पुसत घराकडे वळली.

अत्तर नवीन इस्पितळ बांधतोय हे ऐकून होतो. त्याला तरुण डॉक्टर हवाच असणार. आता सगळं जुळतं. सूनबाई तिकडे जाणार, बदल्यात चौदा नंबर दडपणार. माझ्या घरात बसून, माझ्याच योजनेला सुरुंग. घरी विचारलं, "आज कुठे होतीस?" म्हणाली, "जरा काम होतं." हिला मी काही बोललो नाही. सासू-सुनेचं गूळपीठ आहे.

२४ फेब्रुवारी

नकाशेवाल्यांच्या बायकोचा फोन. "डॉक्टर, धाकट्या डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला होता. म्हणाल्या, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून मोठ्या डॉक्टरांना दाखवा, तारखेची वाट बघू नका. काही काळजीचं आहे का?"

अंगाचा तिळपापड झाला. पेशंट माझा, चार वर्षांचा, आणि त्याच्या घरी परस्पर फोन? नवीन इस्पितळात जाताना पेशंटही गाठोड्यात बांधून न्यायचे असतील. आधी मनात किंतू पेरायचा, मग हळूच बोलवायचं. अत्तरचीच शिकवण.

"काळजीचं काही नाही, वहिनी. माझ्याशिवाय कुणाचं ऐकू नका."

"बरं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हल्ली चालताना झोक जातो हो त्यांचा."

"तारखेला या. बघू."

सूनबाईला खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं, माझ्या पेशंटना परस्पर फोन करायचे नाहीत. ती म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय."

"अत्तरबद्दल?"

"नाही."

"मग बैठक झाल्यावर बोल. आणि अत्तरशी तुझं जे काय साटंलोटं असेल, ते तुझं तू बघ."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून क्षणभर वाटलं, मी चुकीच्या माणसावर भुंकतोय. पण क्षणभरच.

२७ फेब्रुवारी

आज एक हलकं काम केलं. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो.

अत्तरच्या दवाखान्याच्या इमारतीत गेलो. वर गेलो नाही, लिफ्टपाशी रेंगाळलो. त्याच्याकडून उतरलेल्या एका आजोबांना म्हटलं, "चिठ्ठी वाचता येत नसेल तर दाखवा, मीही डॉक्टरच आहे." त्यांनी भोळेपणाने दिली. दोनच गोळ्या. मूळ नावाने, सुवाच्य, आणि खाली लिहिलेलं, 'आधीची झोपेची गोळी आजपासून बंद.' आणखी एका बाईंची पाहिली. एकच गोळी.

म्हणजे सावध झालाय. तपासणी चालू आहे तोवर साळसूद चिठ्ठ्या. इतका बनाव मीही केला नसता.

आजोबा चिठ्ठी परत घेताना म्हणाले, "काही चुकलंय का हो?" म्हटलं, नाही, ठीक आहे. ते काळजीतच गेले. तेवढं मला नको होतं.

५ मार्च

नकाशेवाल्यांची तारीख. बायकोने खरंच पिशवी आणली होती, कापडी, तोंडापर्यंत भरलेली. माझ्या टेबलावर ठेवली.

"ऐकू नका म्हणालात, पण म्हटलं, आणलीच आहे तर."

टेबलावर येत्या बैठकीचे कागद पसरले होते. बाहेर खुर्च्या भरल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर ती पिशवी पाहून मला पिशवी दिसली नाही, सूनबाईचा शहाणपणा दिसला.

"असू द्या, वहिनी. मला तोंडपाठ आहे सगळं."

त्यांनी पिशवी उचलून परत काखेला लावली. झोक जातो म्हणाल्या, तर चक्करेची एक लिहून दिली. पूर्वीचेच चालू.

८ मार्च

बैठक. माझ्याच दिवाणखान्यात. चौदा नंबर मी शेवटी ठेवला होता. उभा राहून वाचला. आवाज चढला तर चढला.

म्हटलं, "ही चूक नव्हे, हा निष्काळजीपणा आहे. ज्याचा हा पेशंट असेल त्याचं नाव वैद्यक परिषदेला कळवायचं, असा ठराव मी मांडतो. दोन आठवड्यांनी सूनबाई नाव उघडेल. तोवर त्याने स्वतः पुढे यावं, एवढी सभ्यता आपण दाखवू."

अत्तर म्हणाला, "नाव कळायच्या आधी ठराव नको. आपल्यातला कुणीही असू शकतो. उगाच हात दगडाखाली."

बोलला! मी सगळ्यांकडे पाहिलं, पण कुणी माझ्याकडे पाहिना.

मास्तरने जरा चुळबुळ करून हात वर केला. मौनीने केला. मी केलाच. अत्तर विरोधात. सूनबाई म्हणाली, "मला नाव माहीत आहे, त्यामुळे मी मत देणार नाही. पण दोन आठवडे थांबू नका. त्या पेशंटच्या गोळ्या उद्याच्या उद्या कुणीतरी बघायला हव्यात."

"त्याचा डॉक्टर इथे बसलाय," मी म्हटलं, "आणि त्याने आज ऐकलंय. माणूस असेल तर आज घरी जाऊन बघेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, पाच मिनिटं आत येता?"

म्हटलं, जे असेल ते इथे, सगळ्यांसमोर. ती समोरचे कागद गोळा करायला लागली. ठराव मंजूर.

छान झोप लागणार आज.

११ मार्च

नकाशेवाले सकाळी न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांचा इस्पितळातून फोन आला, "तुमचा पेशंट ना? भूल द्यायच्या आधी औषधं कळायला हवीत. त्यांच्या मिसेसनी इथे दुकान मांडलंय, मला काही उमगत नाही. येता का?"

गेलो. खाटेशेजारच्या लोखंडी टेबलावर पट्ट्यांचा ढीग. त्या एका कोपऱ्यात उभ्या होत्या. मी एकेक पट्टी उलटून मागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. ही सुटी, ही जोडगोळी. जोडगोळी दिली तेव्हा सुटी बंद करायची होती. करा, असं मी म्हटलं होतं का? लिहिलं तर नव्हतं. लिहिलं होतं, पूर्वीचेच चालू. ही तिसरी रात्रीची, गेल्या वर्षी तापासाठी दुसऱ्या इस्पितळात ठेवलं होतं तिथली, चार दिवसांसाठी असावी. तीही 'पूर्वीचे' मध्ये शिरून बसलेली.

पाचव्या पट्टीला माझ्या ध्यानात आलं, असं लिहिणार होतो. खोटं. दुसरीलाच आलं होतं. पुढच्या मी वाचल्या नाहीत, नुसत्या उलटत गेलो.

"काय काय आहे?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

मी यादी सांगितली. न बघता. आता खरोखरच तोंडपाठ होती. बैठकीत मीच वाचली होती. फक्त नंतर लिहिलेली चक्करेची तीत नव्हती, ती वेगळी सांगितली.

११ मार्च, नंतर

घरी येताना वाटेत पहिला विचार काय आला ते लिहून ठेवतो. सूनबाईने हा पेशंट मुद्दाम निवडला. मला उघडं पाडायला. घराच्या दारापाशी आल्यावर आठवलं की केसपेपर मी निवडले होते. डोळे मिटून काढू का, असं तो कंपाउंडर विचारत होता.

सूनबाई स्वयंपाकघरात उभी होती. तिलाही इस्पितळातून फोन आला होता.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते, बाबा. प्रत्येक वेळी तुम्ही विचारलंत, अत्तरबद्दल का."

"त्याच्या गाडीत काय करत होतीस?"

"सल्ला मागायला गेले होते. नाव नाही सांगितलं. म्हटलं, एका ज्येष्ठ माणसाला त्याची चूक कशी दाखवायची? ते म्हणाले, सगळ्यांसमोर नको, कधीच नको. त्यांना कळलं असावं. म्हणून तर ठरावाच्या विरोधात गेले." तिने गॅस बंद केला. "पण माझंही चुकलं. तुम्ही ओरडला असता तर ओरडला असता. त्या काकांच्या घरी मीच जायला हवं होतं. मी नियम पाळत बसले."

ही दारात उभी होती. सूनबाईला हाताला धरून आत घेऊन गेली.

१३ मार्च

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यापासून बडबडतात, हात झटकतात, नर्सला ओळखत नाहीत. मास्तरला बोलावून घेतलं. त्याला सगळं सांगितलं, पहिल्यांदा मोठ्याने. तो म्हणाला, "पेशंट मी बघतो. तुम्ही हात लावू नका." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. मी 'बरं' म्हटलं.

दुपारी डोक्यात जे चाललं होतं तेही लिहितो. नाव फक्त सूनबाईकडे आहे. मास्तर बोलणार नाही. अत्तर तर वाचवायलाच निघाला होता. चौदा नंबरचा कागद गहाळ होऊ शकतो. पेशंट दुसऱ्या गावचा निघू शकतो. सूनबाईला मी सांगितलं तर ती करेलही कदाचित. घरातली आहे. पुढे मात्र आयुष्यभर ती माझ्याकडे कशी बघेल, ते बैठकीत पाहिलंय.

चाळीस वर्षं लोकांना संशयाच्या आजारातून बाहेर काढलं. स्वतःचा संशय किती सुरेख चालतो! जो पुरावा समोर येईल तो बरोबर आपल्याला हवा त्याच खुंटीला टांगतो. साळसूद चिठ्ठी दिसली, बनाव. रडणारी सून दिसली, फितुरी. पिशवी दिसली, शहाणपणा.

१६ मार्च

इस्पितळाच्या व्हरांड्यात नकाशेवाल्यांच्या बायकोशी बोललो. वाक्यं घोकून गेलो होतो, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, वहिनी, गोळ्या जास्त झाल्या होत्या. एकच औषध दोन नावांनी जात होतं. त्यानेच झोक जात होता, लाळ त्यानेच, विसरणंही बरंचसं त्यानेच. वयामुळे नाही. माझ्यामुळे.

त्या बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत होत्या.

"मी पिशवी आणली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"टेबलावर ठेवली होती."

"हो, वहिनी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं, तेही अगदी हलकेच. पेशंट झोपला होता ना.

२२ मार्च

बैठक मौनीच्या घरी. माझ्या घरी नको वाटलं.

सूनबाईने कागद उघडायच्या आधीच उभा राहिलो. म्हटलं, चौदा नंबर माझा. ठराव माझा, पेशंटही माझा. पेशंट खुब्याचं हाड मोडून पडलाय. माणूस असेल तर आज घरी जाऊन बघेल, असं मीच म्हटलं होतं; मी गेलो नाही.

अत्तर म्हणाला, "झालं ते झालं. ठराव मागे घेऊ. शंभरातल्या किती चिठ्ठ्या धड आहेत? माझी त्रेसष्ट नंबरची बघा, लाज वाटते मला."

मला हो म्हणायचं होतं. जिभेवर होतं अगदी. तेवढ्यात मौनी बोलला. आजवर बैठकीत त्याचं पहिलंच वाक्य असेल. "दुसऱ्या कुणाचं नाव निघालं असतं, तर तुम्ही मागे घेतला असता का?"

"नाही," मी म्हटलं.

वैद्यक परिषदेला पत्र मीच लिहिलं आणि सही केली. पाकीट चिकटवताना अत्तरने पाण्याची वाटी पुढे केली. वास चांगला असतो त्याच्या अत्तराचा. आजवर कबूल केलं नव्हतं.

२ एप्रिल

मास्तर एकेक गोळी उतरवतोय, घाई न करता. मी आठवड्यातून एकदा जातो, लांबून बघतो. दवाखान्यात आता प्रत्येकाला पिशवी आणायला सांगतो. कंपाउंडर म्हणतो, भाजीबाजार झालाय. दिवसाला निम्मेच पेशंट होतात. परवा एका बाईंच्या पिशवीत तीन डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या निघाल्या. त्यातला एक डॉक्टर मी.

परिषदेची नोटीस आली. सुनावणी जुलैत.

१९ एप्रिल

वाईट दिवस. नकाशेवाल्यांनी सकाळी पाण्याचा पेला भिरकावला. टाकीत काहीतरी घातलंय, म्हणाले. बायकोने मला फोन केला, मास्तरला नाही. जुनी सवय. पुन्हा सगळं सुरू करून टाकावं, असं वाटलं. हात शिवशिवले. मग मास्तरकडे गेलो. तो म्हणाला, "भ्रमावरचं एक औषध त्यांना लागणारच. एकच, कमी मात्रेत. बाकीचं परत आणायचं नाही."

म्हणजे चार वर्षांपूर्वी लिहिलेली पहिली गोळी बरोबर होती. हे समाधान मानावं की त्यावरच डोकं आपटावं, कळत नाही.

२९ मे

आता दोनच गोळ्या. रुमाल गेला. वॉकर धरून गॅलरीपर्यंत जातात. बायको म्हणाली, "काल मला म्हणाले, तू बारीक झालीस." हे सांगताना माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलली. मग लगेच आठवून आत निघून गेली.

सूनबाईने अत्तरच्या इस्पितळात जायचं ठरवलंय, आठवड्यातले दोन दिवस. त्याने आता विचारलं तिला. आधी खरंच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जा. शिकशील काहीतरी. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हे मनापासून म्हणताय ना, का काही शंका आहे?"

म्हटलं, थोडी आहे. पण ती माझी मी बघतो.

१५ जून

आज नकाशेवाल्यांच्या घरी गेलो होतो. मास्तर गावाला गेलाय, त्याने सांगितलं, जरा डोकावून या. चिठ्ठी लिहायची नाही, नुसतं बघायचं. मी पेनही नेलं नव्हतं.

ते खिडकीपाशी बसले होते, ताठ. मला खुर्ची दाखवली. बायको चहा टाकायला आत गेली. चार वर्षांत हा माणूस पुरतं वाक्य बोलताना मी ऐकला नव्हता, आज बोलायला लागले. आवाज जाड आहे, थोडा चिरका.

"तुम्ही नवीन डॉक्टर का?"

"का हो, साहेब?"

"आधीचे एक होते. त्यांना मी किती वेळा सांगितलं, डोक्यात कापूस कोंबल्यासारखं होतं म्हणून."

"ते काय म्हणायचे?"

"काही नाही. ते लिहीत असायचे."

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती, कप हातात तसेच.

"तो मीच," मी म्हटलं. "आधीचा डॉक्टर मीच, साहेब."

त्यांनी मला निरखून पाहिलं. कपाळ, डोळे, नाक. एखादा नकाशा तपासावा तसं, अगदी कसून. मग मान हलवली.

"नाही हो. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही. त्यांचं टक्कल तेवढं आठवतं मला."

मी खुर्चीत पुढे वाकलो आणि मान खाली घातली, टेबलावर लिहिताना घालतो तशी. फरशीवर त्यांच्या वॉकरचे चार पाय दिसत होते.

"हां," ते वरून म्हणाले. "तुम्हीच."